रिटायरमेंटनंतरचा धंदा: आधी दिवस बसवा, मग दुकान थाटा



गेल्या व्हिडिओनंतर एक प्रश्न खूप जणांनी विचारला. शब्द थोडे वेगळे, पण मुद्दा एकच: "सर, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून वीस-पंचवीस लाख येतील. कोणता धंदा करू?"

याचं उत्तर द्यायच्या आधी मी एक उलटा प्रश्न विचारतो. रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असाल?

बहुतेक जण हसतात. "आराम करणार सर, अजून काय!" ठीक आहे. आणि त्यानंतरच्या मंगळवारी? तिसऱ्या महिन्यातल्या बुधवारी? इथे गडी गप्प होतो. चुकीचा धंदा निवडला जातो तो या गप्प होण्यातूनच. कसं, ते आज सविस्तर सांगतो. सुरुवात माझ्याच घरापासून करतो, कारण ही चूक मी दुसऱ्याच्या घरात नाही, स्वतःच्या घरात केली आहे.

बाबांची बस आणि माझी फ्रँचायझी

माझे बाबा भोसरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं होते. जिग, फिक्स्चर, ड्रॉइंग, व्हर्निअर हेच त्यांचं जग. फर्स्ट शिफ्टला सकाळी पावणेसहाला कंपनीची बस यायची. रिटायर झाल्यावरही ते पाच वाजता उठायचे, दाढी-आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि बाल्कनीत उभे राहायचे. बस येऊन गेली की आत यायचे. आई म्हणायची, "अहो, आता तरी झोपा." ते म्हणायचे, "झोपच येत नाही गं."

मी तेव्हा नुकताच ट्रेनिंगच्या क्षेत्रात आलो होतो. डोक्यात फक्त ब्रँड, मार्जिन, फूटफॉल. मी एका चहा-नाश्त्याच्या फ्रँचायझीची माहिती आणली आणि बाबांना म्हटलं, "पैसे बँकेत पडून काय करणार? यात घाला. तुमचा वेळही जाईल." रिटायर होऊन त्यांना सहा आठवडेही झाले नव्हते. ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं, त्यांना धंदा पटला.

आता हिशेब बघा. फ्रँचायझी फी ३ लाख, गाळ्याचं डिपॉझिट २ लाख, फर्निचर आणि बोर्ड साडेतीन लाख, मशीन आणि भांडी दीड लाख. एकूण १० लाख. दर महिन्याला गाळ्याचं भाडं, दोन पोरांचा पगार, लाइट बिल आणि कंपनीकडूनच घ्यावा लागणारा माल. सगळं वजा जाता महिन्याला सरासरी १५ हजारांचा खड्डा पडायचा. १४ महिन्यांनी शटर ओढलं. डिपॉझिट परत मिळालं, मशीन भंगाराच्या भावात ४० हजारांना गेलं. सरळ गणित मांडलं तर ९ लाख ७० हजार गेले.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

खूप नंतर मला समजलं की बाबांना दुकान नको होतंच. त्यांना सकाळी उठून जायला एक जागा हवी होती. जागाच हवी असेल तर ती दहा लाखांना विकत घ्यावी लागत नाही.

पगाराशिवाय नोकरी तुम्हाला काय देत होती?

आपण समजतो की नोकरी म्हणजे पगार. पण तीस-पस्तीस वर्षं नोकरी आपल्याला अजून चार गोष्टी फुकट देत असते:

१. वेळापत्रक. कधी उठायचं, कधी जेवायचं, रविवार कशाला म्हणायचं, हे सगळं नोकरीने ठरवून दिलेलं असतं.

२. माणसं. टपरीवरचा चहा, डबा खाताना होणारी चेष्टामस्करी. यातली बरीच माणसं फोन नंबरात राहतात, पण रोजच्या दिवसातून जातात.

३. ओळख. "मी अमुक कंपनीत सुपरवायझर आहे", "मी झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे." या वाक्यातलं "आहे" एका दिवसात "होतो" होतं.

४. कुणालातरी आपली गरज असणं. मशीन अडलं की तुम्हाला हाक यायची. आता कुणी हाक मारत नाही.

रिटायरमेंटमध्ये पगार थांबतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्याची थोडीफार तयारीही असते. या चार गोष्टी एकाच दिवशी थांबतात, याची तयारी कुणाचीच नसते. मग जो अस्वस्थपणा येतो, त्यावर माणूस पटकन औषध शोधतो. समोर "दुकान टाका" असं कुणी म्हटलं की ते औषध वाटतं. दुकानात वेळापत्रक आहे, माणसं आहेत, बोर्डावर नाव आहे, गिऱ्हाईक हाक मारतंय. सगळं मिळतंय! फक्त त्याची किंमत तुमच्या म्हातारपणाच्या पैशातून जाते.

म्हणून पहिला नियम: अस्वस्थपणावर उपाय म्हणून धंदा काढू नका. आधी दिवस बसवा, मग धंदा बघा.

पहिले सहा महिने: सही नाही

मी माझ्या बॅचमधल्या प्रत्येक रिटायर होणाऱ्या माणसाला सांगतो. पहिले सहा महिने गाळ्याच्या करारावर सही नाही, फ्रँचायझीच्या फॉर्मवर सही नाही, कुणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही नाही. "ऑफर शनिवारपर्यंतच आहे" असं कुणी म्हणालं तर शनिवार जाऊ द्या. चांगला धंदा पुढच्या महिन्यातही चांगलाच असतो.

मग या सहा महिन्यांत करायचं काय?

सकाळचे दोन तास बांधून घ्या. चालणं असेल, वाचनालय असेल, शेतावर फेरी असेल, पण रोज ठरलेल्या वेळी आणि घराबाहेर.

आठवड्यातले दोन दिवस कुणाच्या तरी कामाला द्या. सोसायटीचे हिशेब, भाच्याचं दुकान, शाळेतल्या मुलांची शिकवणी. पैसे मिळोत न मिळोत. इथे तुम्हाला कळतं की आता तुम्हाला कोणतं काम आवडतं आणि शरीर किती साथ देतं.

एक वही करा. रोज रात्री दोन ओळी: आज कुणी मला काय विचारायला आलं? कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही? सहा महिन्यांनी ती वही वाचा. तुमचा धंदा बहुतेक वेळा त्या वहीत सापडतो.

आणि अजून एक गोष्ट, जी पुरुष मंडळी हमखास विसरतात. घर ही तुमच्या बायकोची कामाची जागा आहे. तीस वर्षं दहा ते पाच ते घर तिच्या पद्धतीने चाललंय. तुम्ही अचानक दिवसभर घरात बसून "डाळीला फोडणी आधी का नाही दिली" असं विचारायला लागलात की भांडण ठरलेलं. माझी आई बाबांना म्हणाली होती, "तुम्ही रिटायर झालात, मी नाही." धंद्याचा विचार करतानाही घरातल्या बाईला गृहीत धरू नका. "तू मसाले कर, मी विकतो" हे ठरवण्याआधी तिला मसाले करायचे आहेत का, ते विचारा. तिलाही कदाचित आता आराम हवा असेल.

पैशांचे तीन डबे

आता पैशांकडे येऊ. एक उदाहरण घेऊ, आकडे तुमचे घाला.

समजा नवरा-बायको दोघंच, घर स्वतःचं, कर्ज नाही. महिन्याचा खर्च २५ हजार. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ३० लाख आले. पीएफवाली पेन्शन ५ हजार.

इथे एक मिनिट थांबा. खाजगी कंपनीतल्या पुष्कळ जणांना वाटतं की पेन्शनवर घर चालेल. ईपीएस पेन्शनचं साधं सूत्र आहे: पेन्शनसाठी धरला जाणारा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल तर हा पगार जास्तीत जास्त १५ हजारच धरतात, तुमचा खरा पगार ६० हजार असला तरी. म्हणजे ३० वर्षांच्या सेवेला पेन्शन साधारण साडेसहा-सात हजारांच्या पुढे जात नाही. बहुतेकांची त्याहून कमी बसते. हा आकडा रिटायर व्हायच्या आधी काढा, नंतर नाही.

आता ३० लाखांचे तीन डबे करा.

पहिला डबा, अडीअडचणीचा: ४ लाख. दवाखाना, अचानक आलेला खर्च. बँकेत, लगेच काढता येतील असे.

दुसरा डबा, घरखर्चाचा: २४ लाख. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, पोस्टात किंवा बँकेत खातं निघतं. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. रिटायर झालेल्यांना ५५ वर्षांनंतरही काही अटींवर यात पैसे ठेवता येतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, त्यामुळे खातं काढायच्या दिवशीचा दर बघून घ्या. ८.२ टक्क्यांनी २४ लाखांवर वर्षाला १ लाख ९६ हजार ८०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला १६,४०० पडतात. हे व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, तेवढं ध्यानात ठेवा.

तिसरा डबा, धंद्याचा: २ लाख. बस, एवढेच.

आता बेरीज करा. व्याज १६,४०० अधिक पेन्शन ५,०००, एकूण २१,४००. खर्च २५,०००. कमी किती पडतात? महिन्याला ३,६००.

मित्रांनो, या आकड्याकडे नीट बघा. या जोडप्याच्या धंद्याला आज महिन्याला ३,६०० रुपये कमवायचे आहेत. महागाई वाढेल, म्हणून ८-१० हजारांचं टार्गेट धरा. ५० हजार नाही, लाख नाही. आठ-दहा हजारांसाठी दहा लाखांचा गाळा लागत नाही. पण हा हिशेब न करता माणूस बाजारात उतरतो आणि "महिना लाख रुपये कमवा" या जाहिरातीत अडकतो.

माझा ठोकताळा असा आहे की रिटायरमेंटच्या एकूण रकमेतले दहा टक्के ही धंद्याची कमाल मर्यादा. त्याच्या आत राहा. तिसरा डबा रिकामा झाला तर धंदा थांबवा, पहिल्या दोन डब्यांचं झाकण उघडू नका. तिशीतल्या माणसाचे पाच लाख बुडाले तर तो पुन्हा कमावतो. साठीतल्या माणसाकडे ती वर्षं नसतात. एवढाच फरक आहे, पण फार मोठा आहे.

मग धंदा कोणता?

लोक केएफसीच्या कर्नल सँडर्स यांचं उदाहरण देतात. "बघा, पासष्टाव्या वर्षी सुरुवात केली आणि जग जिंकलं!" मोटिव्हेशनसाठी बरं आहे, पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. सँडर्स यांचा जन्म १८९० चा. १९३० पासून ते अमेरिकेत केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावी पेट्रोल पंपावर प्रवाशांना जेवण करून घालत होते. पुढे त्याचंच रेस्टॉरंट झालं. पहिली फ्रँचायझी त्यांनी १९५२ मध्ये दिली. नवा महामार्ग गावाबाहेरून गेला आणि १९५६ मध्ये त्यांना ते रेस्टॉरंट विकावं लागलं, तेव्हा त्यांच्या हातात वीसहून जास्त वर्षांचा अनुभव आणि ठरलेली पाककृती होती. म्हणजे पासष्टाव्या वर्षी त्यांनी नवं काम शिकायला घेतलं नाही. येत असलेलं काम नव्या पद्धतीने विकलं.

हाच दुसरा नियम: साठीनंतर नवं कौशल्य विकत घेऊ नका, असलेलं कौशल्य विका.

बाबांचं पुढे काय झालं ते सांगतो. दुकान बंद झाल्यावर तीन-चार महिने ते घरीच होते. एक दिवस त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचा फोन आला. त्याचं भोसरीतच छोटं वर्कशॉप आहे. "साहेब, फिक्स्चरमध्ये जॉब थोडा तिरका बसतोय, रिजेक्शन वाढलंय, जरा येऊन बघता का?" बाबा गेले. लोकेटिंग पिन झिजली होती. पिन बदलून घेतली, आणि दर आठवड्याला काय तपासायचं त्याचा एक कागद मशीनवर चिकटवला. त्याने जबरदस्तीने १,५०० रुपये खिशात घातले. त्या रात्री बाबा जेवताना तासभर बोलत होते. दुकानाच्या १४ महिन्यांत ते एकदाही असं बोलले नव्हते.

आज ते दोन वर्कशॉपमध्ये मिळून आठवड्यातून तीन दिवस जातात. दिवसाचे १,२०० रुपये. महिन्याचे बारा दिवस धरले तर १४,४००. भांडवल किती? एक डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि किरकोळ सामान, सगळं ९ हजारांच्या आत. व्हर्निअर तर घरात होतंच.

तुमच्याकडे पण असं काहीतरी असतं. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता? जुनी गाडी घेणाऱ्याला तपासून देणं हे काम आहे. बँकेत कर्ज विभागात होता? छोट्या दुकानदाराची कागदपत्रं नीट लावून देणं हे काम आहे. शाळेत गणित शिकवलं? दहावीची दहा मुलं पुरेशी आहेत. हिशेब विभाग, स्टोअर, परचेस, नर्सिंग, या सगळ्या अनुभवाची छोट्या धंदेवाल्यांना गरज असते, पण पूर्ण पगाराचा माणूस त्यांना परवडत नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा अनुभवी माणूस परवडतो.

तरीही माल विकायचाच असेल, तर आधी तीन महिने गाळ्याशिवाय विका. घरून, ओळखीत, आठवडी बाजारात, प्रदर्शनात टेबल लावून. ज्याने एकदा घेतलं तो पुन्हा मागायला येतो का, एवढंच मोजा. पुन्हा आला तर धंदा आहे. नाही आला तर ते ओळखीखातर घेतलेलं होतं.

आणि स्वतःच्या गुडघ्यांना विचारा. रोज बारा तास काउंटरवर उभं राहणं साठीत जमेल का? ज्या धंद्यात चार दिवस आजारी पडलात तर शटर बंद ठेवता येतं, तोच धंदा तुमचा.

कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवेची २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन पोर्टलवर किंवा राज्याबाहेर माल विकणार असाल तर नियम वेगळे आहेत, आधी विचारून घ्या. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर घरगुती असलं तरी अन्नसुरक्षा नोंदणी करा. पीएमईजीपी योजनेत १८ वर्षं पूर्ण एवढीच वयाची अट आहे, वरची मर्यादा नाही, पण बँक तुमचं वय आणि परतफेड बघणारच. राहतं घर तारण ठेवून साठीनंतर धंद्यासाठी कर्ज काढू नका, यावर मी चर्चासुद्धा करत नाही.

आता तरुण मित्रांसाठी

हे वाचणाऱ्यांमध्ये पंचविशी-तिशीतले बरेच जण आहेत. तुमचे वडील किंवा आई रिटायर होणार असतील आणि तुमच्या मनात त्यांच्या पीएफवर धंदा काढायचा विचार असेल, तर हे तुमच्यासाठी.

ते नाही म्हणणार नाहीत. माझे बाबाही म्हणाले नाहीत. मुलाने मागितलं की आई-बाप देतात, आणि त्यात रिकामा दिवस समोर असताना तर लगेच देतात. म्हणून मागायचं की नाही हे ठरवणं ही तुमची जबाबदारी आहे.

तुम्हाला भांडवल हवं असेल तर तुमचं वय तुमच्या बाजूने आहे. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सबसिडीच्या योजना विचारा. बँकेने प्रकल्प अहवाल नाकारला तर कारण विचारा, कारण बँकेला जो धोका दिसतो तो वडिलांना प्रेमापोटी दिसत नाही.

आणि वडिलांना धंद्यात घ्यायचंच असेल तर त्यांचे पैसे घेण्याआधी त्यांचं काम घ्या. परचेस त्यांच्याकडे द्या, रोजचा गल्ला मोजायला द्या, पोरांना शिस्त लावायला द्या. त्यांना सकाळी उठून जायला जागा मिळेल आणि त्यांचे तीन डबे जागेवर राहतील.

आजचा गृहपाठ

१. वहीत तुमचा किंवा आई-वडिलांचा महिन्याचा खरा खर्च लिहा. अंदाजे नाही, मागच्या तीन महिन्यांचा काढा.

२. पेन्शन आणि व्याज मिळून किती येतील ते लिहा. वजाबाकी करा. जो आकडा येईल तेच तुमच्या धंद्याचं पहिलं टार्गेट.

३. मागच्या पाच वर्षांत लोक तुम्हाला कोणत्या कामासाठी हाक मारत होते, त्याची दहा नावांची यादी करा. त्यातल्या तिघांना या आठवड्यात फोन करा. काही मागू नका, फक्त विचारा: "सध्या काम कसं चाललंय? कुठे अडतंय?"

वजाबाकीचा आकडा कमेंटमध्ये लिहा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच आकडे घेऊन, त्यांना पुरेल असा कमी भांडवलाचा धंदा कसा निवडायचा ते फळ्यावर मांडून दाखवतो.

तोपर्यंत कुठेही सही करू नका. भेटूया!